थुंकीत काही निघालं नाही, मग औषध कशाचं?

प्रश्न: नवरा ३८ वर्षांचा, वणीकडच्या खुल्या कोळसा खाणीत ठेकेदाराकडे ड्रिल ऑपरेटर. घरी आला की नुसता बसून. सिलिंडरही मीच जिन्यावरून चढवते. दोनदा टीबीचा कोर्स झाला, थुंकीत कधी काही निघालं नाही, आता बरा आहे. सासू म्हणते, मीच कटकटी. काही महिने माहेरी जाऊ का?

उत्तर: अगं, 'आता बरा आहे' हे तुला कोणी सांगितलं? दोनदा कोर्स आणि थुंकीत जंतू एकदाही नाही, हे एका ओळीत उरकून तू सासूवर घसरलीस. आळशी म्हणतेस त्या माणसाला जिन्यावर दम लागतो का, ते आधी बघ.

कोळशावरचा खडक वाळूचा, म्हणजे सिलिकाचा. भोक पाडताना दाबाची हवा भुगा वर फेकते. मशीनला पाणी असलं तर धूळ दबते. टँकर आला नाही की कोरडंच चालतं. डोळ्यांना दिसते ती बरीचशी नाकाघशात अडकते. न दिसणारी बारीक धूळ फुफ्फुसात खोल जाऊन व्रण करते, रुमालाला ती जुमानत नाही. हा सिलिकोसिस. एक्स-रेत त्याचे डाग बहुतेक वरच्या भागात, टीबीचेही तिथेच. म्हणून नुसती फिल्म बघून टीबी लिहिला जातो. त्यात सिलिकोसिसवाल्याला खरा टीबीही लवकर गाठतो, तेव्हा थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी चाचणी) पुन्हा करायचीच.

याच आठवड्यात त्याला नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजच्या छातीरोग विभागात ने. जुने-नवे सगळे एक्स-रे, थुंकीचे रिपोर्ट आणि एक कागद सोबत: ड्रिलवर किती वर्षं, कोणत्या ठेकेदाराकडे, ओलं की कोरडं. डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नकोस, समोर बसताच सांग. केसपेपरवर 'खाणकामगार, ड्रिलिंग' लिहून घे. सिलिकोसिसचा नुसता संशय आला तरी मुख्य खाण निरीक्षकांना कळवणं कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ठेकेदाराचा माणूसही या कायद्यात येतो. खाणीत भरतीच्या वेळी आणि नंतर दर पाच वर्षांनी तरी तपासणी होते, तिचा अहवाल, म्हणजे 'फॉर्म ओ', कामगाराला मिळायला हवा. घरात नसेल तर मॅनेजरकडे लेखी माग, पोच घे.

हे व्रण कुठल्याच गोळीने भरत नाहीत. त्याला ड्रिलवरून उतरवायचंय, पण राजीनामा लिहू देऊ नकोस. खाणीतल्या कामामुळे अनफिट ठरला तर दुसरं काम किंवा भरपाई देणं खाणीवर येतं. ठेकेदार 'आधी सही कर' म्हणाला, तर पेन खिशातच राहू दे.