गहू आणि शेंगदाणे वर्ज्य असताना सगळ्या घरासाठी एकच न्याहारी

ताई, मुलाला गहू आणि शेंगदाणे या दोन्हींची ॲलर्जी असल्याचे निदान झाले आहे, घर एकत्र कुटुंबाचे आहे आणि सकाळी त्याच्यासाठी एक व इतरांसाठी दुसरे असे दोनदा रांधताना तुमची दमछाक होते, असे तुम्ही लिहिले आहे. माझे मत स्पष्ट आहे की वेगळे करूच नये. मुलाला जे चालते तेच सगळ्यांनी खावे. आपल्या खान्देशात तर हे मुळीच अवघड नाही, कारण दादर ज्वारी, बाजरी, उडीद, तूर आणि भगर यांच्यावर आपली जुनी न्याहारी चालतच आली आहे. खरी अडचण शेंगदाण्याच्या कुटाची आहे, कारण तो आपल्याकडे पोह्यांपासून ठेच्यापर्यंत सगळीकडे पडतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एक गोष्ट आधीच समजावून सांगा. खपली हाही गहूच आहे आणि सातूच्या पिठातही गहू किंवा जव असतो, त्यामुळे ‘पचायला हलके आहे, थोडे दिले तर काय होते’ हा आग्रह येथे चालणार नाही. तसेच गव्हाची ॲलर्जी आणि सिलिॲक (गव्हातल्या ग्लुटेन या चिकट प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो) हे दोन वेगळे विकार आहेत. घरात दुसऱ्या कोणाला सिलिॲकची शंका असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याचा गहू परस्पर बंद करू नये, कारण गहू सोडल्यानंतर केलेल्या रक्ततपासणीत विकार असूनही तो दिसून येत नाही, असे होऊ शकते.

आठवड्याची न्याहारी कळणाच्या भाकरीवर उभी करा. साधारण ४ किलो ज्वारीला १ किलो अख्खे उडीद आणि थोडे जाडे मीठ घालून ते एकत्र दळावे. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी असतो आणि उडीद तो भरून काढतो, म्हणून वाढत्या मुलासाठी ही भाकरी नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा सरस ठरते. पीठ कढत पाण्यात भिजवून तळहाताच्या टाचेने चांगले रगडावे, कारण ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे पिठाला चिकटपणा येतो तो या कढत पाण्यामुळे आणि मळण्यामुळेच. कडा फाटू लागल्या, तर मळणे कमी पडले असे समजावे. सोबतच्या ठेच्यात शेंगदाण्यांऐवजी भाजलेले सुके खोबरे घालावे. तिळाची ॲलर्जी नाही अशी डॉक्टरांकडून खात्री झाली असेल, तर तीळ अधिक चवदार लागतात.

मात्र हे सारे गिरणीवर अवलंबून आहे आणि बहुतेक घरांची चूक तेथेच होते. ज्या जात्यातून नुकताच गहू निघाला, त्याच जात्यात तुमची ज्वारी पडली, तर आत आणि पीठ पडते त्या कापडी नळीत राहिलेला गहू सरळ तुमच्या डब्यात येतो. वरवर झटकल्याने तो जात नाही. ज्या गिरणीत गव्हाची चक्की निराळी आहे, ती शोधावी. शक्य असेल तर घरगुती गिरणी घेऊन तिच्यात गहू कधीच दळू नये. मुलाची प्रतिक्रिया तीव्र असेल, तर हा खर्च मी अनाठायी मानणार नाही. पोळ्यांचा तवा, परात आणि पोळपाटही भाकरीसाठी वापरू नयेत.

दुसरा भरवशाचा पदार्थ म्हणजे फुनके. तुरीची डाळ चार-पाच तास भिजवून, लसूण, हिरवी मिरची, जिरे व कोथिंबीर घालून जाडसर वाटावी आणि मुटके करून पंधरा-वीस मिनिटे वाफवावे. रात्री केलेले फुनके शीतकपाटात ठेवून सकाळी कुस्करून फोडणीला टाकले, की सगळ्यांची न्याहारी झटपट होते. शेंगदाणा हाही शेंगवर्गातलाच असला, तरी तो न चालणाऱ्या बहुतेक मुलांना तूर, मूग, उडीद चालतात. तरीही जी डाळ मुलाने आजवर खाल्लेली नाही, ती डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी.

पोह्यांत शेंगदाण्यांच्या जागी मोड आलेली, वाफवलेली मटकी घालावी. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी खोबरे घातलेली भगर करावी. मात्र भगर अख्खी आणून घरी निवडावी, कारण दमट हवेत साठवलेल्या भगरीच्या पिठाला बुरशी लागून विषबाधा झाल्याचे प्रकार महाराष्ट्रात घडले आहेत. केळी तर आपल्याकडे बारमाही आहेत.

तेलाकडे विशेष लक्ष द्या. घाणीच्या शेंगदाणा तेलात शेंगदाण्याची प्रथिने उरतात आणि ॲलर्जी त्या प्रथिनांचीच असते. घरात सूर्यफुलाचे किंवा करडईचे तेल वापरावे. घाणीवरून आणणार असाल, तर त्या घाणीवर शेंगदाणेही गाळले जातात का, ते आधी विचारावे. हिंगाचेही तसेच आहे. बाजारातल्या बांधानी, म्हणजे पीठ मिसळून केलेल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, म्हणून तांदळाच्या पिठाचा हिंग मागून घ्यावा किंवा फोडणी लसणावर भागवावी. पाकिटावरची ॲलर्जीची सूचना प्रत्येक खरेदीच्या वेळी वाचावी, कारण एकाच कंपनीच्या मालातले घटक बदलू शकतात. सुटा मसाला आणि सुटी शेव मुलासाठी आणूच नयेत.

इतकी काळजी घेऊनही अंगावर गांधी उठल्या आणि त्याबरोबर श्वास लागला, आवाज बसला, उलट्या झाल्या किंवा मूल निपचित पडले, तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहत बसू नये. तेव्हा लागते ते ॲड्रेनालिनचे इंजेक्शन. डॉक्टरांनी ते घरी ठेवायला दिले असेल तर लगेच द्यावे आणि तसेच रुग्णालय गाठावे. हे इंजेक्शन घरी कोणी, केव्हा व कसे द्यायचे, ते पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद सासूबाईंनाही वाचून दाखवा, कारण तुम्ही कामावर असताना मुलाला खाऊ घालणार त्या आहेत.

सुटीत मामाच्या गावी जाताना कळणाचे पीठ, लहान तवा आणि ठेच्याची बरणी बरोबर न्यावी. तेथे परातीपासून तव्यापर्यंत सगळ्याला पोळीचे पीठ लागलेले असते, आणि पाहुणचाराच्या गडबडीत दर वेळी तपासत बसण्यापेक्षा आपला तवा चुलीवर ठेवणे सोपे जाते.