काकांना विचारा : रावपुऱ्यातलं ऑफिस की मुंबईचं नाव?

मे-जून आला की फायनान्सवाल्या मुलांची पत्रं एकदम वाढतात, या वेळी बडोद्याचीच इतकी आली की सगळी घेता येणार नाहीत, तीन घेतलीत. नावं अर्थातच काढून टाकलीत.

प्रश्न : नमस्कार काका, मी कारेलीबागला राहते, एम.एस. युनिव्हर्सिटीच्या कॉमर्सला शेवटच्या वर्षाला आहे. सीए इंटरचे दोन्ही ग्रुप निघाले, आता आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी. दोन ठिकाणांहून हो आलंय. एक रावपुऱ्यातलं छोटं ऑफिस, एक सर आणि पाच-सहा मुलं, स्टायपेंड अगदी नावाला. दुसरी मुंबईची मोठी फर्म, ऑडिट डिपार्टमेंट, पैसे बरे आहेत पण सगळे पीजीतच जाणार. मैत्रिणी म्हणतात सीव्हीवर नाव पाहिजे, बाबा म्हणतात घरी राहा. काय करू?

उत्तर : आधी अभिनंदन गं, दोन्ही ग्रुप काढणं सोपं नाही. मी गोलमोल बोलत नाही, माझं मत रावपुऱ्याला. पण बाबा म्हणतात त्या कारणासाठी नाही.

आर्टिकलशिप आधी तीन वर्षांची होती, १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या स्कीममधे ती दोन वर्षांची झाली, म्हणजे हातात वेळच कमी. मोठ्या फर्ममधे काम वाटून दिलेलं असतं, तुझ्या वाट्याला एखाद्या कंपनीचे फिक्स्ड ॲसेट आले की कितीतरी महिने तेच, बिलं बघा, टिक करा, शीट भरा. काम वाईट नाही, पण त्या कंपनीकडे पगार द्यायला पैसा कुठून येतो हे तुला त्या शीटमधे दिसत नाही. छोट्या ऑफिसात मकरपुरा जीआयडीसीतला कारखानदार पिशवीभर बिलं घेऊन येतो आणि खुर्चीत बसायच्या आधीच विचारतो, ‘बेन, टॅक्स केटलो आवशे?’ (किती येईल?) तिथून तुझं शिक्षण सुरू.

महिना कसा पळतो बघ. ७ तारखेपर्यंत टीडीएस, म्हणजे लोकांना पैसे देताना आधीच कापून ठेवलेला टॅक्स, भरायचा. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीची बिलं चढवायची. १४ ला २बी हे स्टेटमेंट तयार होतं, त्यात दिसतं की आपल्याला माल विकणाऱ्यांनी त्यांची बिलं चढवली की नाही. २० ला ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटीचं रिटर्न, आणि त्याचे पैसे. (छोट्या क्लायंटचं तिमाही असतं, त्यांच्या तारखा वेगळ्या.) आता समज एका सप्लायरने बिल चढवलंच नाही. तुझ्या क्लायंटने त्याला जीएसटीसकट पैसे देऊन टाकलेत, पण २बी मधे ते नाही म्हणून त्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, घेता येत नाही, मग तेवढी रक्कम २० तारखेला खिशातून भरायची, आणि नेमका त्याच आठवड्यात पगार असतो, म्हणून तो बँकेतली सीसी लिमिट, म्हणजे कॅश क्रेडिटचं कर्ज, ओढतो आणि त्याच्यावर व्याज बसतं. एका न चढवलेल्या बिलापासून व्याजापर्यंतची ही साखळी तू स्वतः फोन करकरून सोडवलीस ना, की वर्किंग कॅपिटलचा, म्हणजे रोजच्या धंद्याला लागणाऱ्या पैशाचा, धडा वेगळा वाचावा लागत नाही. सप्लायरला फोन तूच करायचा आणि शेठचं ओरडणंही तूच ऐकायचं, तेही शिक्षणच.

कलमांचे नंबर मात्र पाठ करत बसू नकोस. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झालाय, जुने नंबर तोंडपाठ असलेले आमच्यासारखे म्हातारेच आता जुन्या-नव्या कलमांचं टेबल उघडून बसतात. टीडीएस का कापतात, कोणी कापायचा, हे समजलं की नंबर शोधता येतो.

आता अट. सगळीच छोटी ऑफिसं चांगली नसतात, काही ठिकाणी आर्टिकल म्हणजे बँकेत चेक टाकायला आणि सरांच्या घरचं लाइट बिल भरायला ठेवलेला फुकटचा पोरगा. म्हणून सही करायच्या आधी तिथल्या जुन्या आर्टिकलला बाहेर गाठ, सेव-उसळ खाऊ घाल आणि विचार, ऑडिटला नेतात का की नुसती टॅलीत एंट्री? केलेलं काम सर स्वतः तपासून परत देतात का? परीक्षेला सुट्टी मागितली की तोंड वाकडं होतं का? तिसऱ्याचं उत्तर नीट ऐक, कारण नंतर ऑफिस बदलायचं म्हणजे कटकट असते. मोठ्या कंपनीचा अनुभव हवाच असेल तर शेवटच्या वर्षात ९ ते १२ महिने इंडस्ट्रियल ट्रेनिंग घेता येतं, ती खिडकी उघडी आहे. आणि लिस्टेड कंपन्यांचं ऑडिट, इंड-एएस (मोठ्या कंपन्यांचे हिशेबाचे नियम) यातच जायचं असं पक्कं ठरलं असेल तर मग मुंबईला जा, त्या कामाला रावपुरा कमी पडेल.

प्रश्न : आदरणीय काका, मी मांजलपूरहून लिहिते आहे. मुलगा बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अलकापुरीतल्या एका ऑफिसात ‘वेल्थ मॅनेजमेंट इंटर्न’ म्हणून लागला. आधी ट्रेनिंगचे पाच हजार घेतले, आता महिन्यात वीस डिमॅट अकाउंट आणि काही पॉलिसी आणायला सांगितलंय. माझं, माझ्या भावाचं अकाउंट उघडून झालं, आता आम्हाला ऑप्शनच्या टिपांच्या ग्रुपमधे घेतलंय. पगार काही नाही, सर्टिफिकेट देणार म्हणतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : ताई, नाही. ही इंटर्नशिप नाही, बिनपगारी सेल्स आहे, आणि गिऱ्हाईक म्हणून तुमचेच नातेवाईक धरलेत. नातेवाईक संपले की मुलाची गरज संपते, मग पुढच्या बॅचकडून पाच हजार.

सेल्स करणं कमीपणाचं नाही हो, अनोळखी माणसासमोर बसून त्याला एसआयपी समजावता येणं ही मोठी गोष्ट आहे, पण त्याला सेल्सच म्हणावं आणि पैसे द्यावेत. शिवाय त्याचे नियम आहेत. म्युच्युअल फंड विकायचे तर एनआयएसएम या संस्थेची व्ही-ए परीक्षा पास करून ॲम्फी या फंडांच्या संघटनेचा एआरएन, म्हणजे नोंदणीचा नंबर, घ्यावा लागतो, विमा विकायचा तर एजंटची परीक्षा वेगळी. तुमच्या मुलाकडे यातलं काय आहे ते विचारा. काही नसेल तर तो विकतोय कोणाच्या नावावर, कमिशन कोणाच्या खात्यात जातंय?

त्या टिपांच्या ग्रुपमधून आजच बाहेर पडा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मधे आकडे दिले होते, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधे (एफ अँड ओ, शेअरच्या भावावरचे पुढच्या तारखेचे सौदे) उतरलेल्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, सरासरी माणशी सुमारे २ लाख. ब्रोकरला मात्र प्रत्येक सौद्यावर ब्रोकरेज मिळतं, तुम्ही जिंका नाहीतर हरा. अकाउंटचा पासवर्ड मुलाच्या ‘सरांना’ माहीत असेल तर लगेच बदला, ओटीपी कोणालाच सांगू नका, एफ अँड ओ चालू करून ठेवलं असेल तर बंद करायला ब्रोकरला मेल टाका. टिपा देणाऱ्याचं रजिस्ट्रेशन सेबीच्या साइटवर शोधता येतं. ब्रोकरबद्दलची तक्रार सेबीच्या स्कोर्स पोर्टलवर करता येते. पाच हजार लेखी मागा, मिळतील याची खात्री देत नाही.

मुलाला ओरडू नका पण. त्याला हे क्षेत्र आवडत असेल तर सुट्टीत तीच व्ही-ए परीक्षा देऊ द्या, त्या वीस अकाउंटांपेक्षा ती कधीही बरी.

प्रश्न : काका, मी दांडिया बाजारचा, मराठी मीडियमचा, एस.वाय.ला आहे. सीएफए करू का एमबीए का बँकेच्या परीक्षा? आणि माझं इंग्लिश कच्चं आहे, इंटरव्ह्यूत गप्प होतो.

उत्तर : अरे तीन वेगळ्या गाड्या आहेत या, स्टेशनवर उभं राहून तिन्हीची तिकिटं कशाला काढतोस. सीएफए हा गुंतवणुकीच्या अभ्यासाचा परदेशी कोर्स, फी डॉलरमधे, तीन लेव्हल, आणि उपयोग मुख्यतः रिसर्च-इन्व्हेस्टमेंटच्या कामात, तसल्या जागा जास्त मुंबईत आणि थोड्या गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत. घरून फी झेपत नसेल तर आत्ता नको. एमबीए चांगल्या ठिकाणी मिळालं तरच, आणि दोन वर्षं काम करून गेलास तर जास्त कळेल. बँकेची पीओ, म्हणजे अधिकारी पदाची, परीक्षा द्यायला ग्रॅज्युएशन आणि २० ते ३० वय लागतं, म्हणजे तुला वेळ आहे. आपल्या सयाजीराव महाराजांनी १९०८ ला याच गावात बँक ऑफ बडोदा काढली, ती आज देशातल्या मोठ्या बँकांत आहे, तेव्हा बँकेची नोकरी म्हणजे मागे राहिलेल्यांचं काम असं कोणी म्हणालं तर ऐकू नको.

इंग्लिशचं म्हणशील तर तुला मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही येतात, इथल्या कुठल्याही दुकानदाराशी पैशाचं बोलता येतं, ते भल्याभल्या एमबीएवाल्यांना जमत नाही. मेल लिहायला मात्र शीक. रोज एका लिस्टेड कंपनीच्या वार्षिक अहवालातलं एक पान वाच आणि त्यावर चार ओळी इंग्लिशमधे लिही, चुकीच्या चालतील. एक्सेलमधे पिव्होट टेबल आणि एक्सलुकअपचा फॉर्म्युला आला पाहिजे, फायनान्शियल मॉडेलिंगचे महागडे कोर्स नंतर. इंटरव्ह्यूत गप्प होण्यापेक्षा ‘सर, हिंदीत सांगू का’ म्हण, हो म्हणणारे बरेच असतात.