आधी नाक दाबून बघा, ईक्यू नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेटीवर बसून गाता तेव्हा घरच्यांना आवाज बरा वाटतो, पण कराओके लावून यूएसबी कंडेन्सर माइकवर रेकॉर्ड केलं की सगळं नाकातून आल्यासारखं येतं, तर कुठलं प्लगइन लावू? प्लगइनचं (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं, आवाज बदलणारं साधन; ईक्यू त्यातलंच एक) शेवटी सांगते. त्याआधी दोन मिनिटांची एक चाचणी करा.

सोयीच्या पट्टीत सा लावून लांब ‘आ’ धरा. मध्येच चिमटीत नाक बंद करा, सोडा, पुन्हा बंद करा. आवाज एकदम कोंदला आणि नाकपुड्या बोटांखाली थरथरल्या, तर हवा नाकातून निसटतेय. काहीच फरक पडला नाही तर निसटत नाहीये. मग ‘दादा, परवा गावाला जा’ हे नाक धरून म्हणा. यात म, न, ण, अनुस्वार काहीच नाही, त्यामुळे ते जसंच्या तसं उमटायला हवं. (‘मामांना नमन’ नाक धरून म्हणताच येणार नाही, आणि ते बरोबर आहे. तिथे नाक लागतंच.)

फरक पडला, म्हणजे टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जात नाहीये. तोंडातून नाकाकडे जाणारी वाट तोच उघडतो आणि मिटतो. आरशासमोर फोनचा टॉर्च घशात मारून ‘आ’ म्हणा, पडजीभ वर सरकताना दिसेल. जांभई आली की ती आणखी वर जाते. हा उचललेपणा गाताना हवा. जांभईच्या अगदी सुरुवातीचा, पूर्ण जांभईचा नाही, नाहीतर आवाज रांजणातून आल्यासारखा होतो.

रियाजाला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे ‘अंगा’. ‘अंग’मधला तो नाकातला ध्वनी मुद्दाम लांबवायचा, मग ‘गा’ फोडायचा आणि त्या आकारावर, म्हणजे लांब ‘आ’वर, थांबायचं. ‘ग’ फुटताना टाळू मिटतोच, त्याला दुसरा इलाजच नसतो. ते मिटणं आकारभर टिकवायचं आणि मध्येच नाक दाबून तपासायचं. मंद्र (खालच्या) सप्तकापासून सुरू करा, रोज दहा मिनिटं पुरे. नुसतं तोंड मिटून गुंजन करत बसू नका. गळा तापवायला ते छान, पण त्यात नाक उघडंच असतं. गुंजनानंतर आकार घेतलाच पाहिजे.

मराठीत आणखी एक गोची आहे. ‘मन’, ‘नाम’, ‘मान’ अशा शब्दांत स्वर दोन अनुनासिकांच्या मध्ये अडकतो. बोलताना तो थोडा नाकात गेला तर कुणाला कळत नाही, पण तोच ‘म’वरचा स्वर चार मात्रा लांबवलात आणि त्यावर हरकत (स्वरांची छोटी झटपट नक्षी) घेतलीत की सगळी हरकत नाकातून. म्हणून ‘म’ चटकन सोडायचा, स्वर मोकळ्या तोंडात धरायचा आणि ‘न’ अगदी शेवटच्या क्षणी टेकवायचा. घरी कोकणी बोलत असाल तर जास्तच लक्ष ठेवा, त्या भाषेत अनुनासिक स्वर मुळातच भरपूर आहेत.

आता दुसरी शक्यता. नाक दाबून फरक पडत नाही, तरी आवाज नाकातला वाटतो. माझं हेच होतं. आमच्या गाण्याच्या बाई तंबोरा खाली ठेवून माझ्या हनुवटीला बोट लावायच्या आणि म्हणायच्या, ‘दार उघड.’ दोष नाकाचा नव्हताच, जबडा आवळलेला, जीभ मागे वर चढलेली, त्यात ‘ई’ आणि ‘ए’ आले की आवाज चिरका, पातळ. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त गायकाचे २५ दोष मोजले आहेत. त्यातला पहिला ‘संदष्ट’, म्हणजे दात आवळून गाणारा, आणि शेवटचा ‘सानुनासिक’. कानाला हे दोघे सख्खे भाऊ वाटतात. यावर उपाय म्हणजे जबडा सैल, जिभेचं टोक खालच्या दातांमागे, आणि पट्टी तपासणं. कराओके ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो, तुमच्या नाही. तार (वरच्या) सप्तकात गळा आवळावा लागत असेल तर ट्रॅक दोन सेमीटोन (पेटीच्या दोन लागोपाठच्या पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या धरून) खाली घ्या. यात कमीपणा काही नाही.

तिसरी शक्यता उलटी असते. नाक चोंदलेलं, ‘मामा’चं ‘बाबा’ होतं. बारा महिने असं असेल तर रियाज बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं ठीक निघालं, तरी रेकॉर्डिंग ऐकून थोडा धक्का बसणारच. स्वतःचा आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो आतून भरदार वाटतो. माइकला तो भाग मिळत नाही.

माइक नाकासमोर असेल तर खाली घ्या. हनुवटीच्या उंचीला, किंचित वर तोंड करून, एक वीत अंतरावर. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या) माइकजवळ गेलात की खालचे स्वर फुगतात आणि लांब गेलात की आवाज पातळ होतो, त्यामुळे या एका वितीतच पुष्कळ दुरुस्ती होते. गोधडी माइकमागे नको, तुमच्या पाठीमागे टांगा, कारण माइकचं तोंड तुमच्याकडे आहे आणि मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज सरळ त्यात शिरतो. दोन्ही कानांवर हेडफोन घट्ट लावून गात असाल तर एक कान उघडा ठेवून बघा.

राहिला ईक्यू, म्हणजे आवाजातला खालचा, मधला, वरचा भाग वेगवेगळा कमी-जास्त करणारं साधन. नाकाचा रंग बहुतेक गळ्यांत ८०० ते १५०० हर्ट्झच्या आसपास सापडतो. एक अरुंद पट्टा ८ डीबी (डेसिबल) वर उचलून त्या भागात हळूहळू फिरवा. जिथे आवाज सगळ्यात किळसवाणा होईल तिथे थांबा, पट्टा जरा रुंद करा आणि २ ते ३ डीबी खाली घ्या. त्यापुढे जाऊ नका. एकदा एका स्टुडिओत माझा तो भाग इतका कापला होता की शब्दच कळेनात, माठात तोंड घालून गातेय असं वाटत होतं. दोष फक्त ‘म’, ‘न’च्या शब्दांवर येत असेल तर डायनॅमिक ईक्यू बरा, तो भाग वाढेल तेव्हाच तो कापतो; टीडीआर नोव्हा नावाचा असा प्लगइन फुकट मिळतो. चढ्या स्वरांपुरतंच असेल तर ती ओळ पुन्हा गा, ते लवकर होतं.

एकच ओळ दोनदा रेकॉर्ड करून इथे टाका, एकदा नाक मोकळं, एकदा दाबून. रिव्हर्ब (घुमारा) न लावता. मग तुमचा दोष यातला कुठला ते ऐकून सांगते.