तालुक्याच्या गावात रोज तेच ते दिसतं, स्ट्रीट फोटोग्राफीसाठी नवीन काही सुचत नाही, काय करू?

नवीन जागा शोधूच नका भाऊ, एकच जागा धरा, एसटी स्टँडसमोरचा पानठेला म्हणा नाहीतर आठवडी बाजाराचा एखादा कोपरा, अन् महिनाभर वेगवेगळ्या वेळी तिथंच जा. जागा तीच राहिली की मग उजेड, सावली अन् माणसं कशी बदलतात ते दिसायला लागतं. सॉल लायटर हा अमेरिकन फोटोग्राफर न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये कितीतरी दशकं राहिला अन् बहुतेक फोटो आसपासच्या गल्ल्यांतलेच, वाफ धरलेली काच, छत्री, बर्फ, बस. आपल्याकडं दिवाळीनंतर जिनिंगसमोर (कापसातून सरकी काढायचा कारखाना) कापसाच्या गाड्यांची लाइन लागते ना, तिथं सकाळी आठच्या सुमारास बघा, तिरप्या उन्हात ताडपत्रीच्या दोरीला अडकलेला कापूस असा चमकतो की फ्रेममध्ये माणूस नसला तरी चालतं. मोबाइलवर त्या उजळ भागावर बोट ठेवा अन् ब्राइटनेस जरा खाली ओढा, नाहीतर कापूस म्हणजे नुसता पांढरा डाग (माझे पहिले सगळे तसेच गेले). फक्त बायामाणसांचे, लेकरांचे जवळून फोटो विचारूनच काढा, लहान गावात बोभाटा लवकर होतो, अन् काढला तर त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्या.