‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणणाऱ्या पाचवी-सहावीच्या मुलांना सामूहिक चित्रात कसे सामील करून घ्यावे?

अशा वर्गात वस्तूंची चित्रे काढायला न सांगता, खाकी कागदाच्या एका लांब पट्टीवर सर्वांनी मिळून केवळ रेषा, ठिपके आणि ठसे उमटवण्याचा उपक्रम घ्यावा. कोळसा, तेलखडू, बोरू, शाईत बुडवलेला जुना टूथब्रश, कापलेली भेंडी असे जे सहज मिळेल ते साहित्य चालते. दर दोन-तीन मिनिटांनी मुलांनी एक जागा पुढे सरकावे आणि आधीच्या मुलाने उमटवलेल्या खुणेला जोडूनच आपली खूण करावी, एवढाच नियम पुरतो. घोडा घोड्यासारखा दिसतो की नाही हे जोखता येते, पण नुसत्या रेषेला चूक म्हणता येत नाही; शिवाय कागदाचा कोणताही भाग एकाच्या मालकीचा राहत नसल्याने तुलनेची भीती बरीच ओसरते. पॅरिसमधील अतिवास्तववादी कलावंतांनी 1925च्या सुमारास घडी घातलेल्या कागदावर, आधीच्याचे रेखाटन न पाहता पुढचा भाग काढण्याचा जो खेळ रूढ केला, त्यातही संपूर्ण चित्रावर कोणा एकाचा ताबा नसे (सातवी-आठवीच्या मुलांना हा प्रकार अधिक रुचेल, असे माझे मत आहे). मात्र निर्धास्त मुले दुसऱ्यांच्या नाजूक खुणांवर गडद रंग फासतात, म्हणून पहिल्या फेरीत सर्वांना एकाच रंगाचे साहित्य द्यावे आणि कोणाचीही खूण पूर्ण झाकायची नाही, हे आधीच बजावावे.