पिशवी उघडायला सांग

प्रिय डॉक्टर,

औषधांचा आढावा सुरू करायचाय, पण ओपीडीला शंभर माणसं, वेळ कुठून आणू, असं तू विचारलंस. सगळ्यांचा घेऊच नकोस. रोज पाच किंवा जास्त औषधं घेणारे म्हातारे आणि नुकतेच मोठ्या दवाखान्यातून घरी आलेले, एवढेच निवड. बीपी-शुगरच्या दिवशी दोघांपासून सुरुवात कर. आशाताईंकरवी आदल्या दिवशी निरोप धाड: घरात असतील तेवढी सगळी औषधं पिशवीत घालून आणा. केसपेपरवर आपण लिहिलेलं असतं. माणूस काय घेतो ते पिशवीत सापडतं.

एकेक पाकीट त्यांच्या हातात दे आणि विचार, "ही कशाची? कधी घेता?" आपल्या आरोग्य केंद्रातली मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) आणि खासगी डॉक्टरांच्या गोळीतली मेटफॉर्मिन, नावं वेगळी म्हणून दोन्ही चालू असतात. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक डायक्लोफेनॅक निघते. बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीबरोबर ती पोटात गेली की किडनीवर घाला. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या निघाल्या तर स्टेरॉइडची शंका घे, पण महिनोन्महिने चालू असतील तर एकदम बंद करू नकोस. उपासाचंही विचार. एकादशीला जेवण नाही, शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइड मात्र नेमाने घेतलेली, आणि दुपारी शुगर घसरून दरदरून घाम.

माझी चूक सांगतो. एका आजींना मी बीपीची अॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅमवर नेली. दोन महिन्यांनी पाय सुजले म्हणून आल्या. मी लघवीची गोळी जोडली. पुढे एका पहाटे उठताना तोल जाऊन पडल्या, मनगट मोडलं. सूज माझ्याच गोळीची होती! जुन्या यादीकडे न पाहता मी नवं औषध लिहिलं होतं. अजून सलतं ते. तेव्हापासून नवी तक्रार आली की आधी यादी वाचतो, आणि म्हाताऱ्या माणसांना उभं करूनही बीपी बघतो, उठल्यावर ते उतरतं का म्हणून.

कमी करताना एका वेळी एकच औषध, आणि दोन आठवड्यांनी परत बोलाव. अटेनोलॉलसारखी बीपीची गोळी हळूहळूच उतरव. खासगी डॉक्टरांनी दिलेली असेल तर त्यांना फोन कर. रुग्णासमोर त्यांना नावं ठेवलीस तर पुढच्या वेळी पिशवी अर्धीच येईल. दुष्परिणामाचा संशय आला तर राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ वर कळव, पाचच मिनिटं लागतात.

उरलेली यादी मोठ्या अक्षरात लिहून दे. वाचता येत नसेल तर सकाळला सूर्य, रात्रीला चंद्र काढ. तुझ्या औषध निर्माण अधिकाऱ्यांना यात पहिल्या दिवसापासून घे, पाकिटं त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा लवकर ओळखू येतात. आणि बंद केलेल्या गोळ्या, माणूस राजी असेल तर, केंद्रातच ठेवून घे. घरी गेल्या की त्या फळीवर राहतात, आणि महिन्याभरात शेजारच्या कुणाला तरी दिल्या जातात.

तुझा,
सर