निर्वासित आणि स्थानिक मुलांच्या शाळेसाठी टॅब वाटावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरदार सोडून आलेली मुलं आणि ज्या गावात ती येऊन राहतात तिथली मुलं, या दोघांचं शिक्षण डिजिटल साधनांनी खरंच सुधारतं का? आणि ठाणे-नवी मुंबईत तुम्हा चार-पाच मित्रांना असं काही करायचं असेल, तर जमवलेले पैसे टॅबवर घालावेत का?

टॅबवर घालू नका, निदान सुरुवातीला तरी नको. साधनांचा उपयोग होतो, मी स्वतः रोज वापरते. पण ती वस्तीत वाटायची नसतात, शाळेला द्यायची असतात. आणि मुलाच्या हातात पडदा देण्याआधी त्याची भाषा आणि त्याचा दाखला, या दोन गाठी सोडवाव्या लागतात. गंमत म्हणजे या दोन्ही गाठी सोडवायला तंत्रज्ञान फार कामाचं आहे आणि तिथेच ते कोणी वापरत नाही.

मी तुर्भ्याकडच्या एका मराठी शाळेत एकोणीस वर्षं शिकवते. माझं माहेर घणसोलीचं, घर आगरी. वर्गातली साधारण निम्मी मुलं इथल्या गावांतली आणि निम्मी बाहेरून आलेली: खडी फोडणाऱ्यांची, इमारतींच्या कामावरची, नाक्यावर उभं राहून काम मिळवणाऱ्यांची. कोणी कलबुर्गी-विजापूरकडचं, कोणी जालन्याचं, कोणी यवतमाळचं. कायद्याच्या भाषेत ही मुलं निर्वासित नव्हेत, ती याच देशातली आहेत. १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या करारावर भारताने सहीच केलेली नाही. तरीही शाळेच्या दारात हातात कागद नसलेलं, इथली भाषा न येणारं आणि सहा महिन्यांनी इथे असेल की नाही हे ठाऊक नसलेलं मूल उभं राहिलं की अडचणी त्याच असतात. निर्वासितांच्या छावण्यांमधल्या शाळांबद्दल मी म्हणूनच वाचत आले. आमच्या अडचणींवर कोणी आधी उत्तर शोधलंय का, ते मला बघायचं होतं.

आधी आमच्याकडे काय बिघडलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका देणगीदाराने तीस टॅब दिले. अट एकच: ते फक्त स्थलांतरित मुलांना द्यायचे. हेतू चांगला होता, मीही आनंदाने यादी केली. दुसऱ्याच दिवशी गावातल्या पाच-सहा आया फाटकापाशी आल्या. एक म्हणाली, "बाई, जमीन आमची गेली, आता शालेत पन आमची पोरां मागंच?" तिला काय उत्तर देणार? नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. तिच्या सासऱ्याची भातशेती त्यातच होती. आपल्याला वाटतं, गावातला म्हणजे खाऊनपिऊन सुखी. तिचा मुलगा आणि खाणीवरचा मुलगा एकाच बाकावर बसत होते, दोघांनाही वाचन जमत नव्हतं, आणि टॅब फक्त एकाला मिळाला होता. महिनाभरात वर्गात 'टॅबवाले' आणि 'बिनटॅबवाले' अशा टोळ्या पडल्या. पुढे टॅब कपाटात गेले. दिवाळीनंतर कपाट उघडलं तर अकरांच्या बॅटऱ्या फुगलेल्या.

युगांडाबद्दल वाचलं तेव्हा ती बाई डोळ्यांसमोर आली. आफ्रिकेत सर्वांत जास्त निर्वासित त्या देशात आहेत, आणि तिथे मदतीसाठी एक तत्त्व ठरलेलं आहे: ७० टक्के निर्वासितांसाठी, तर ३० टक्के आजूबाजूच्या स्थानिकांसाठी. मुलं एकाच शाळेत बसतात. केनियात काकुमाची छावणी १९९२ सालची. तिच्या शेजारी २०१६ च्या सुमारास कालोबेयेई वसवलं, ते मुळातच निर्वासित आणि तिथले तुर्काना लोक या दोघांसाठी. वर्षानुवर्षं फक्त छावणीला मदत दिली की बाहेरचा उपाशी माणूस छावणीकडे कसा बघतो, हे अनुभवल्यावरच असे निर्णय होतात. तिथे शाळांची परिस्थिती आपल्यापेक्षा कितीतरी बिकट आहे, एकेका वर्गात शंभराहून जास्त मुलं असतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या २०२३ च्या अहवालात शाळेच्या वयाची निर्वासित मुलं सुमारे १ कोटी ४८ लाख होती, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त शाळेबाहेर. एवढ्या मुलांना शिक्षक कुठून आणायचे, या काळजीतूनच तिथे डिजिटल साधनांचा विचार पुढे आला.

त्याच संस्थेने व्होडाफोन फाउंडेशनबरोबर २०१३ मध्ये एक उपक्रम सुरू केला. ५२ किलोची एक पेटी: तिच्यात एक लॅपटॉप, २५ टॅब, प्रोजेक्टर, स्पीकर, आणि वीज नसली तरी दिवसभर पुरेल अशी बॅटरी. केनियातल्या दादाब छावणीपासून सुरुवात झाली, पुढे टांझानिया, कांगो, दक्षिण सुदानमध्येही ती गेली. मला त्यातलं आवडलं ते असं की पेटी एका खोलीत राहते, ती शाळेची असते, वर्ग आळीपाळीने तिथे येतात, आणि शिक्षकांना ती चालवायला शिकवलं जातं. आम्ही नेमकं उलटं केलं होतं: वस्तू मुलाच्या नावावर, आणि शिक्षकाला तिचं काहीच ठाऊक नाही.

नेटवरही विसंबू नका. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांमध्ये २०१७ मध्ये सात लाखांहून जास्त रोहिंग्या आले. तिथलं मोबाइल इंटरनेट सप्टेंबर २०१९ पासून ऑगस्ट २०२० पर्यंत जवळपास वर्षभर तोडलेलं होतं, म्हणजे करोनाच्या ऐन दिवसांतही. आपल्याकडे नेट कोणी तोडत नाही, पण आईबापांचा रिचार्ज संपतो. करोनात माझ्या वर्गातल्या एका घरात एकच स्मार्टफोन होता, आणि तो बापाबरोबर कामावर जायचा. रात्री आठनंतर मुलगी अभ्यासाचे व्हिडिओ उघडायची, तोवर दिवसाचा डेटा संपलेला असायचा.

आता आमच्या वर्गात जे आहे ते साधं आहे. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर येतो, बऱ्या फोनपेक्षा स्वस्त. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या माझ्या भाच्याने त्याच्यावर कोलिब्री घालून दिलं. कोलिब्री हे लर्निंग इक्वालिटी या संस्थेचं मोफत सॉफ्टवेअर, नेट नसलेल्या ठिकाणांसाठीच बनवलेलं. एकदा धडे, व्हिडिओ, गोष्टी भरून ठेवल्या की तो डबा स्वतःचं छोटं वायफाय सोडतो. वर्गातले सात-आठ जुने टॅब आणि माझा लॅपटॉप त्याला जोडतो, बाहेरचं नेट लागतच नाही. कोणी कुठपर्यंत आलं ते मला दिसतं. नऊ वर्षांचं मूल शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वयानुरूप थेट चौथीत बसतं, भले ते दोन वर्षं शाळेतच गेलेलं नसो. कायदा बरोबरच आहे, मोठं मूल लहानांत बसवलं की ते महिन्याभरात पळतं. पण शिकवायचं कसं? इथे डबा कामाला येतो: तो मुलगा हातच्याची बेरीज करतो, शेजारचा अपूर्णांक, आणि कोण मागे आहे हे कोणाला कळत नाही. गावातली मागे पडलेली मुलंही त्याच रांगेत बसून तेच करतात.

आता भाषेचं. जून महिन्यात एक मुलगी आली, कलबुर्गी जिल्ह्यातली, घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलणारी, दुसरीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली. दोन आठवडे तोंडातून शब्द नाही. मी मनात 'गणित कच्चं' असं लिहून टाकलं होतं. एके दिवशी तिच्या मागे उभी होते. फळ्यावर वजाबाकी होती. ती बोटं मुडपत पुटपुटत होती, "ऐदु, आरु, एळु..." आणि पाटीवर उत्तर बरोबर. तिला गणित येत होतं, मराठीतले आकडे येत नव्हते. इतकी वर्षं शिकवून मला हे दोन आठवडे कळलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

त्या रात्री मी दोन गोष्टी उतरवून घेतल्या. कर्नाटकाची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, आपली बालभारतीची मिळतात तशीच. आणि प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर आहे, मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ, २०१५ पासूनचं. त्यावर एकच गोष्ट, तीच चित्रं, पण मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत, तेलुगूत वाचता येते, आणि छापायला-वाटायला परवानगीची गरज नाही. दुसऱ्या दिवशी एकाच गोष्टीची दोन रूपं प्रोजेक्टरवर लावली. एक पान मराठीत गावातल्या मुलाने वाचायचं, तेच पान कन्नडमध्ये तिने. आवाज आधी इतका बारीक की पहिल्या बाकालाही ऐकू जाईना. एका चित्रात विहीर होती. मराठी वाचणारा म्हणाला, विहीर. ती म्हणाली, "बावि." मागच्या बाकावरून घणसोलीचा एक मुलगा उठूनच उभा राहिला: "बाई, आमची आजी पन बावच बोलते!"

खरंच आहे, आमच्या घरातही विहिरीला बाव म्हणतात. हा शब्द गावठी म्हणून मी स्वतः शाळेत बोलायचं सोडलं होतं. त्या दिवसापासून शब्दांचा खेळ सुरू झाला. मुलं माझ्या फोनवर एकेक शब्द रेकॉर्ड करतात: प्रमाण मराठीत, आगरीत, गोरमाटीत, कन्नडमध्ये, वडारीत. चित्राला हात लावला की सगळे आवाज ऐकू येतात. आई, आय, याडी, अव्वा. भाच्याने ते डब्यात बसवून दिलं. त्या आवाजांमध्ये गावातल्या मुलांची बोलीही आहे, म्हणून फाटकापाशी कोणी आलं नाही. उलट दोन आज्या स्वतःहून आल्या, आणि लग्नातली धवळ्यांची गाणी रेकॉर्ड करून गेल्या.

दाखल्याचं थोडक्यात सांगते, पण ते कमी महत्त्वाचं समजू नका. कायदा म्हणतो, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही थांबवायचं नाही. प्रवेश मिळतो. पण मूल कुठपर्यंत शिकलंय हे नव्या शिक्षकाला कोण सांगणार? सरकारी पोर्टलवर नाव, वर्ग, आयडी असतो. 'हिला हातच्याची वजाबाकी येते, जोडाक्षरं अडतात, कन्नडमधून विचारा' हे नसतं. मूल निघतं तेव्हा मी एक पान तयार करते, मराठीत आणि ते जातील तिथल्या भाषेत; फोनवर भाषांतर करून मग कोणाकडून तपासून घेते. पान आईच्या फोनवर जातं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातातही देते, कारण फोन हरवतात, विकले जातात. पानावर पत्ता, जात, बापाचं काम यातलं काही नसतं. परदेशातल्या निर्वासितांच्या बाबतीत ही काळजी दसपट घ्यावी लागते. पळून आलेल्या माणसांची यादी चुकीच्या हातात पडली तर जिवावर बेतू शकतं.

आपला जिल्हा या बाबतीत कोरा नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये त्या जागेचं उल्हासनगर झालं, आणि आजही तिथले लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा भरते, कंटेनरमध्ये; दुष्काळाने गाव सोडून आलेल्यांची मुलं तिथे शिकली. वेळ मिळाला तर दोन्ही ठिकाणी जाऊन या. तिथल्या माणसांशी बोलून जे कळेल ते माझ्या उत्तरातून कळणार नाही.

तुमच्या पैशांचं म्हणाल तर: एक डबा, एक प्रोजेक्टर, एक बरा स्पीकर, बॅटरी बॅकअप, आणि जुने चालू स्थितीतले टॅब कोणाकडे असतील तर ते. उरलेले पैसे वस्तीतल्याच एखाद्या दहावी-बारावी झालेल्या मुलीला महिन्याचं मानधन म्हणून द्या. तिला दोन्ही भाषा येतात, ती दुपारी दोन तास वर्गात बसेल. माझ्या मते सगळ्यांत चांगला खर्च हाच. शाळा निवडताना मुख्याध्यापकांना विचारा की खोलीची किल्ली कोणाकडे असते आणि त्या खोलीत चालू सॉकेट किती आहेत. किल्ली शिक्षकाकडे नसेल तर तिथे काही देऊ नका. आणि जूनमध्ये येऊ नका, तेव्हा प्रवेशांची धावपळ असते. सप्टेंबरअखेरही नको, तेव्हा पटसंख्या मोजायची गडबड असते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात या. तोवर कर्नाटकाकडची बरीच मुलं परत आलेली असतात, ती मुलगीही.